भांबुर्ड्याचा वास

पनवेलच्या बाजारात भांबुर्ड्याच्या जुड्या दिसायला लागल्या की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं डोकं फिरतं. परवा भाजी घ्यायला गेले तर वाडीवरच्या दोन बायका वालाच्या शेंगांचा ढीग मांडून बसलेल्या, आणि शेजारी हा पाला, सुतळीने बांधलेला. एकेकाळी बांधावर, रस्त्याच्या कडेला कुत्रंही हुंगत नव्हतं त्याला. आता खारघरची माणसं गाड्या थांबवून जुड्या नेतात. "घे गो ताई, पोपटी लावशील ना?" एक बाई म्हणाली. मी "नको" म्हणून चार पावलं पुढे गेले, परत आले आणि एक जुडी घेतली. का घेतली ते विचारू नका. एक पान चुरगळून नाकाशी धरलं. तोच उग्र वास, ओवा आणि कापूर एकत्र कुटल्यासारखा. आणि मनात तोच प्रश्न, जो सतराव्या वर्षी यायचा. ह्याच्याखाली काय लपवलंय?

ज्यांना पोपटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगून टाकते. भात कापून झालं की त्याच ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, वर परत पाला, आणि मडक्याचं तोंडही पाल्यानेच गच्च बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या तासाने आत काय झालंय ते उघडून बघता येत नाही, म्हणून मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा आणि कान देऊन ऐकायचं. कच्च्या पोपटीचा आवाज वेगळा, झालेलीचा वेगळा. हा आवाज ओळखणारी माणसं गावात दोन-तीनच. त्यातला पहिला माझा बाबा.

बाबा वायरमन. नव्या बिल्डिंगांच्या वायरिंगची कामं घ्यायचा. नाव हरिश्चंद्र. आई म्हणायची, "नाव ठेवताना सासूनं जरा तरी इचार करायचा व्हता." कारण माझ्या आठवणीतला बाबा खरं बोलायचा तो फक्त पोपटीच्या मडक्याबद्दल. बाकी सगळ्याबद्दल खोटं. काम का थांबलं, स्कूटर कुठे पडली, कपाळाला काय लागलं, सगळं खोटं. आणि त्या खोट्याचा सुकाळ व्हायचा तो थंडीत. कुणाच्याही शेतावर पोपटी असली की हरिशेटला बोलावणं, आणि जिथे पोपटी तिथे बाटली आलीच. जाणकार माणसाला कोण पैसे देतं? ग्लास भरून देतात. बाकीच्या घरांत थंडीत सर्दी-खोकला व्हायचा, आमच्याकडे बाबा व्हायचा.

वास घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी नऊ वर्षांची असल्यापासून. दिवेलागणीला स्कूटरचा आवाज आला की आई मला दाराशी उभी करायची. बाबा उंबऱ्याबाहेर चप्पल काढायचा, मी म्हणायची, "हा कर." तो एवढा मोठा माणूस वाकायचा, तोंड उघडायचा, आणि माझ्या तोंडावर हाऽऽ करून श्वास सोडायचा. मी आईकडे बघून मान हलवायची. हो किंवा नाही. एवढ्यावर आमची संध्याकाळ ठरायची. लवंग, बडीशेप, वेलची, कच्चा कांदा, एकदा तर नुसती टूथपेस्ट खाऊन आला होता. मला फसवणं त्याला कधी जमलं नाही. "पोरीचं नाक हाय का कुत्रीचं?" असं तो हसत म्हणायचा, आणि मला, काय सांगू, त्याचा अभिमान वाटायचा. शाळेत दुसऱ्या मुलींना नाच यायचा, गाणं यायचं. मला हे यायचं.

आईची स्वतःची वेगळी परीक्षा होती. ती त्याला बिरडं सोलायला बसवायची. मोड आलेले, भिजलेले वाल. साल काढताना बोटांत जरा जास्त जोर झाला की दाणा फुटतो, जरा कमी झाला की सटकून ओटीभर पळतो. शुद्धीतला बाबा शंभर दाणे अख्खे सोलायचा. प्यायलेल्या बाबाच्या ताटात नुसता चिखल. आई ताटाकडे बघायची, आणि त्याच चिखलाची आमटी करायची.

आता माझा धंदाही वासाचाच म्हणायचा. खारघरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते, दिवसभर हाताला स्पिरिट. एकदा कामावरून तशीच गावी गेले तर बाबाने नाक वर करून विचारलं, "काय गो, तू घेतलीस का?" आई पोट धरून हसली. मी पण हसले, पण हसताना माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे होतं, पांढऱ्यात लाल शिरा आहेत का बघत होते. ही सवय जात नाही. तीन वर्षं झाली, त्याने सोडली आहे. असं तो म्हणतो. आई पण म्हणते. मी मात्र अजून प्रत्येक वेळी मोजून घेते. फोनवर तो "हॅलो" म्हणाला की ते "लो" किती लांबलं ते ऐकते. माणूस बरा झाला तरी त्याच्या घरच्यांना बरं व्हायला किती दिवस लागतात हे कुठल्या रिपोर्टात येत नाही.

जी थंडी मला आठवते ती बारावीची. त्या दिवाळीत बाबाने घरावर लायटिंग सोडलं. शिडीवर चढला तेव्हाच त्याचा पाय डुलत होता. खालून आई वायर देत होती, आणि ह्या वायरमनने, ज्याने अख्ख्या बिल्डिंगा उजळल्या, मेन बंद न करता जोड मारला. आई किंचाळलीसुद्धा नाही. नुसती मागे फेकली गेली, तुळशीपाशी. वाचली. उजव्या तळव्यावर आजही रुपयाएवढा काळा डाग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन बसले होते. बाबा अंघोळ करून आला, ओल्या केसांनी, आणि माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं चहा मागतोय. त्याने उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, आजपासून एक थेंब घेनार नाय." आई पट्टी बांधलेला हात तसाच घेऊन चुलीपासून धावत आली. "हात काढा! आदी हात काढा! माझी सप्पत घ्या, देवाची घ्या, पोरीची नको!" पण बोलून झालं होतं. शपथ मागे घ्यायची तर "सुटली" म्हणावं लागतं, म्हणून ती हात पुढे करून उभी राहिली, म्हणाली, "सुटली म्हना, सुटली म्हना." बाबा म्हणाला, "नाय. सप्पत सुटली तर मी परत प्यायला लागीन."

आता तुम्ही म्हणाल, शिकलेली मुलगी, सायन्सला होती, असल्या गोष्टींवर विश्वास? मी पण तेच म्हणायची, दिवसा. पण आमच्याकडे हे अंगात मुरलेलं आहे. कुणाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि मोडली, तर ती घेणाऱ्यावर नाही, ज्याच्या डोक्यावर घेतली त्याच्यावर उलटते. बाबाने तोंडाला ग्लास लावायचा आणि मी मरायचं, असा तो हिशेब. त्या दिवसापासून मी केस विंचरताना टाळूवरून कंगवा हळू फिरवायला लागले. तिथे काहीतरी ठेवलंय आणि ते सांडता कामा नये, असं वाटायचं.

मग सुरू झाली पाळत. आई माझ्याकडे बघायची, मी बाबाकडे. मी शिंकले की आई हातातलं काम टाकून विचारायची, "काय होतंय गो?" आणि लगेच दाराकडे बघायची, तो कुठे गेलाय. मी क्लासवरून आले की दप्तर टाकून आधी घराची झडती घ्यायची. मीटरच्या पेटीमागे, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली, स्कूटरच्या डिकीत, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत पक्कड आणि टेस्टरच्या खाली. एकदा पिशवीत छोटी बाटली सापडली.  बूच काढून हुंगली, जिभेवर थेंब घेतला. ओव्याचा अर्क. पोट बिघडलं की घेतात तो. मी तरीपण मोरीत ओतून टाकला, उगाच धोका नको म्हणून. संध्याकाळी बाबाने पिशवी उलटीपालटी करून बाटली शोधली. एकदा माझ्याकडे पाहिलं. 

आणि बिरड्याची परीक्षा. ती तर उलटीच यायला लागली. शपथ घेतल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस बाबाचे हात पूर्वीपेक्षा जास्त कापत होते. दाणा बोटांत धरला की फुटायचा. घाम यायचा त्याला, थंडीत. जेवण जायचं नाही. आई ताटाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि आम्ही दोघी काय समजायचं ते समजायचो. घेतोय. लपवून घेतोय. लॅबमध्ये लागल्यावर आमच्या डॉक्टरबाईंनी एकदा सहज सांगितलं, दारू सुटताना हात असेच कापतात, ती सुटल्याची खूण असते. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन बसले. आम्ही दोघींनी त्या माणसाला वीस दिवस नापास केलं होतं, आणि तो रोज गुपचूप ताट घेऊन बसत होता.

पौषात वाल भरले. काशिनाथकाका, म्हणजे बाबाचा लहानपणापासूनचा दोस्त, शेतावरून हाका मारायला लागला. आईने दार अडवलं. बाबा म्हणाला, "अगो पोपटी लावायची हाय, प्यायची नाय." आई म्हणाली, "तुमाला नाय म्हाईत, त्या मडक्याला म्हाईत." तो गेला. दर दोन दिवसांनी जायचा. आणि यायचा तो नखशिखांत भांबुर्डा होऊन. केसांत धूर, कपड्यांत धूर, तोंडात तो कडसर पाला, कारण शेंगांबरोबर पाल्याची चव येतेच. "हा कर," मी म्हणायची. तो वाकायचा. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाक हरायचं. कधी मान "नाही" अशी हलवायची, कधी नुसतीच उभी राहायची. आई म्हणायची, "म्हनूनच जातो तिकडं. पाल्याखाली लपवतो."

माझी प्रिलिम तोंडावर आली होती. खरं सांगते, अभ्यास झाला नव्हता. होणार कधी? मी टाकीची झाकणं उघडत बसले होते. फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी अंगात कणकण आली, आणि चारपर्यंत मी तापाने फणफणले. दात वाजत होते, दोन गोधड्या घेऊनही थंडी जाईना. आई माझ्या उशाशी बसली आणि माझ्या कपाळावर हात ठेवण्याऐवजी माझ्या टाळूकडे बघत राहिली.  "घेतली त्यानं," ती एवढंच म्हणाली. मला भीती वाटली, आणि, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, थोडं बरंही वाटलं. उद्याचा पेपर आता माझ्यामुळे जाणार नव्हता.

बाबा दिवे लागायच्या सुमाराला आला. हातात वर्तमानपत्राची गरम पुडी, माझ्यासाठी शेंगा. मी आतल्या खाटेवरून सगळं बघत होते. आईने त्याला उंबऱ्यावरच धरलं. "घेतलीत ना? घेतलीत ना तुमी? बगा जाऊन पोरगी कशी पडली हाय! तिच्या डोक्यावर हात ठेवलावता, लाज नाय वाटली?" बाबाला आधी काही कळेचना. मग माझ्याकडे पाहिलं आणि पुडी कट्ट्यावर ठेवून सरळ आत आला. आई मागून ओरडत होती. तो खाटेपाशी वाकला. "बाय, ताप आलाय तुला? किती? बाय, आयला सांग. तू वास घे आन् सांग. तुझं नाक कदी खोटं बोललं नाय." आणि मी न म्हणताच त्याने हा केला.

मी वास घेतला. ताप असला तरी नाक चालू होतं. भांबुर्डा, धूर, ओवा, मीठ. त्याच्याखाली काही नव्हतं. मी खालपर्यंत गेले, अगदी तळापर्यंत, आणि तिथे काही नव्हतं. मला कळलं होतं. मला पक्कं कळलं होतं.

"मला नाय कळत," मी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला असावा, कारण पावलांचा आवाज उशिरा आला. मग स्कूटर चालू झाल्याचा. तासाभराने परत आला तेव्हा वास घ्यायला कुणाची गरज नव्हती. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. ओटीवर बसला आणि आईला म्हणाला, "आता घेतलीय. आता बगू काय होतंय ते." आणि मग मीठपाण्याचं भांडं घेऊन माझ्याजवळ आला, पट्ट्या ठेवायला. मला आठवतं, फडक्याची दोन टोकं चिमटीत धरून तो पट्टी ठेवायचा. त्याची बोटं माझ्या कपाळाला लागू द्यायची नाहीत म्हणून. एकदाही लागली नाहीत.

रिपोर्टमध्ये मलेरिया निघाला. आठ दिवसांत मी उठून बसले, भात-वरण खायला लागले. शपथ मोडली होती आणि मला काही झालं नव्हतं. त्यानंतर तो चौदा वर्षं प्यायला. दारू त्याने घेतली, मी त्याच्या तोंडात ओतली नाही, एवढं मला कळतं. मोठा माणूस होता, रागावून घराबाहेर जाऊन पाणीही पिता आलं असतं. माझी नणंद, माझा नवरा, लॅबमधल्या मैत्रिणी, ज्यांना मी अर्धीमुर्धी गोष्ट सांगितली ते सगळे हेच म्हणतात. पण त्यांना मी भिंतीकडे तोंड केल्याचं सांगितलेलं नाही.

त्या थंडीनंतर बाबाने कुणाच्याच डोक्यावर हात ठेवला नाही. माझ्या लग्नात मी पाया पडले तेव्हा त्याने दोन्ही हात जोडले, नवऱ्याकडचे लोक चक्रावले. सानू झाली तेव्हा तिला मांडीवर घेतलं, पाय कुरवाळले, पाठ थोपटली. डोकं नाही. सानू आता सहा वर्षांची आहे आणि तिला वाटतं आजोबा पाठीवर हात ठेवतात तोच आशीर्वाद.

तर परवा मी ती जुडी घेऊन घरी आले आणि त्याच संध्याकाळी बाबाचा फोन. जणू वास फोनमधून गेला. "बाय, शनवारी सानूला पाठव. काशीच्या शेतावर पोपटी हाय. तिला मडक्याचा आवाज शिकवतो."

"आई कुठे आहे?"

"आय करंज्याला गेली तुझ्या मावशीकडं. सुकट आनायला. चार दिवस तिकडंच."

म्हणजे घरात कुणी नाही. मी लगेच ताठ झाले. कोण कोण येणार, किती वाजता, शेत कुठलं, गाडीवर कोण आणणार. उलटतपासणीच घेतली. बाबा एकेकाचं उत्तर देत होता, न चिडता, आणि न चिडणारा माणूस मला जास्तच संशयाचा वाटतो. शेवटी विचारलंच, "तिथे ते असणार का?"

"काशी घेतो. लपवून काय करू? मी नाय घेत."

"शपथ—" माझ्या तोंडून निघून गेलं.  मग मीच म्हणाले, "तिला खोकला आहे, थंड काही देऊ नकोस. साडेसातला घरी."

फोन ठेवल्यावर नवऱ्याला न सांगता काशिनाथकाकाला फोन लावला. "तीन वरीस झाली गो, वासपन घेत नाय," काका म्हणाला. "आमी देतो तर शिव्या घालतो." दोस्त दोस्ताबद्दल दुसरं काय सांगणार, असं मी मनात म्हटलं. आणि शनिवारी सानूला स्वेटर घालताना, बटणं लावता लावता, मी तिला सांगितलं, "आजोबा काय काय पितात ते बघून ठेव हं. मग मला सांग." तिने मोठ्या गंभीरपणे मान हलवली. तिला काम मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसला, आणि मला दाराशी उभी केलेली नऊ वर्षांची मी दिसले. तरी मी शब्द परत घेतले नाहीत. बाबा खाली रिक्षा घेऊन आला होता. त्याने तिची पाठ थोपटली आणि ती दोघं गेली.

काशीकाकाचं शेत म्हणजे आता दोन टॉवरांच्या मधे उरलेला तुकडा आहे. आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीतून तो दिसत नाही, पण मी संध्याकाळभर तिकडेच तोंड करून उभी होते. कुठेतरी धूर वर जात होता. सगळीकडूनच जात असतो ह्या दिवसांत. भात लावला, कपडे घडी केले, त्या जुडीतली सुकलेली पानं काढून टाकली. सात वाजले. सव्वासात. एक म्हातारा माणूस, शेतभर भरलेले ग्लास, आणि त्यात माझं लेकरू. मी तिला पाठवलंच का? आणि नसती पाठवली तर काय सांगितलं असतं तिला मोठी झाल्यावर?

साडेसातला पाच कमी असताना बेल वाजली. दार उघडलं तर भांबुर्ड्याचा लोट आधी आत आला. सानू पायपुसण्यावर उभी, तोंडाला काजळी, हातात वर्तमानपत्राची पुडी. ती आत आली नाही. मान वर केली, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि माझ्या पोटावर हाऽऽ करून श्वास सोडला.

"हे काय गं?"

"आजोबा म्हणाले, आईच्या घरी असंच करून आत यायचं असतं. तिने विचारायच्या आधीच करायचं." मग तिला तिचं काम आठवलं. ती टाचा उंच करून कुजबुजली, पण ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. "आजोबा पांढरं प्यायले. दोन ग्लास. मी मागितलं तर मला दिलं नाही."

 पांढरं. ताडी पांढरी असते. आमच्याकडे शेतावर मडक्यातून येते, आणि लहान मुलांना देत नाहीत. बाबा तिच्या मागे, पायपुसण्याच्या बाहेर उभा होता. चपला काढून हातात घेतलेल्या. त्याने सगळं ऐकलं होतं. सफाई दिली नाही. "ताक हाय," असं म्हणू शकला असता, "तूच म्हनालीस खोकला हाय," असं म्हणू शकला असता.  नुसता वाकला, आता पूर्वीसारखं फार वाकावं लागत नाही, गुडघ्यांनी आधीच वाकवलंय, आणि तोंड उघडून थांबला.

"राहू दे बाबा," मी म्हणाले. "आत ये."

"नाय," तो म्हणाला. "घे. घेऊन बोल."

मी जवळ गेले. त्याने हा केला. वर धूर. धुराखाली भांबुर्डा. त्याखाली ओवा, मीठ, वालाचा हिरवट कच्चेपणा. मी थांबले नाही, खाली गेले, जिथे मला जायची भीती वाटत होती तिथपर्यंत. आंबट होतं काहीतरी.  परत वास घेतला. आंबट, आणि त्यात भाजलेलं जिरं, आणि आलं. ताक. साधं, घरचं, आल्याचं ताक.

"नाही घेतलेली," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा आवाज मोठा निघाला. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि मिटलं. मग जे सांगायला मला सतरा वर्षं लागली तेही निघालं. "त्या दिवशी पण नव्हती घेतलीस. मला कळलं होतं."

बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांच्या पांढऱ्यातल्या शिरा बघायला विसरले.

"मला म्हाईत हाय, बाय," तो म्हणाला. "मी व्हतो ना तिथं."

"शेंगा गार होतायत," सानू म्हणाली. बाबाने चपला दाराशी नीट लावल्या, पायपुसण्यावर पाय पुसले आणि आत आला.